रोम बघायचं ते मान खाली घालून

तर चिऊ-दादू, रोमला जाताना तुमचं विमान उतरेल फ्यूमिचीनोला. टायबर नदी समुद्राला मिळते, तिच्या तोंडाशीच हा विमानतळ आहे. उतरल्यावर सगळे सामानाच्या पट्ट्याकडे धावत सुटतील. धावू देत. तुम्ही त्या विमानतळाजवळच्या एका चौकाची गोष्ट ऐका. 2013 सालचा ऑगस्ट महिना. एका सकाळी लोक बघतात तर चौकाच्या कडेची जमीन फसफसतेय. भोक पडलंय, त्यातून करडा चिखल उडतोय आणि बुडबुडे फुटताहेत.

"ज्वालामुखी?" चिऊने डोळे मोठे केले.

तिथल्या लोकांनाही पहिल्यांदा तेच वाटलं. मग भूगर्भशास्त्रज्ञ आले. त्यांनी वायू बाटलीत धरला, तपासला. जवळजवळ सगळा कार्बन डायऑक्साइड निघाला. खाली तो दाबाने कोंडून राहिला होता, आणि वर कुणी खोदाई केली तशी त्याला वाट मिळाली असावी. ज्वालामुखी काही तिथे नव्हता. पण लोकांच्या तोंडी लगेच तो शब्द आला, यात नवल नाही. रोमच्या आग्नेयेला एक ज्वालामुखी आहे आणि वायव्येला ज्वालामुखींचा आणखी एक जथा आहे. त्या दोहोंच्या मधल्या खोबणीत हे शहर बसलंय. प्रवासाच्या पुस्तकांत सम्राट असतात, पोप असतात, आइस्क्रीमची दुकानं तर असतातच, पण या दोघांचं नाव कुठे सापडत नाही. सम्राटांना बसायला टेकडी, चालायला रस्ता आणि बांधायला मालमसाला ज्यांनी दिला, त्यांचा उल्लेखच नाही. मला ते फार लागतं. भूगोलाच्या मास्तराला लागणारच!

विमानतळावरून आगगाडी धरा, अर्ध्या-पाऊण तासात तेर्मिनी स्थानकात पोचाल. पहिल्या दिवशी कोलोसियमकडे पळू नका. बाबाला सांगा, आजोबा म्हणालेत की आधी जानिकोलो टेकडी चढायची. नदीच्या पश्चिमेला आहे. रोज दुपारी बाराच्या ठोक्याला तिथे तोफ उडते, तेव्हा दादू, कानांवर हात ठेव. तोफेचा धूर विरला की आग्नेयेकडे बघा. घुमट, मनोरे, गच्च्या ओलांडून लांब क्षितिजावर एक बुटकी, पसरट, हिरवी डोंगररांग दिसेल. ते आल्बानो डोंगर, म्हणजेच आग्नेयेचा तो ज्वालामुखी. आज तिथे द्राक्षमळे आहेत. फ्रास्कातीची पांढरी वाइन तिथलीच. हे बाबाला सांगा, तुम्हांला नाही.

सहा लाख वर्षांपूर्वी त्या डोंगराने पहिल्यांदा तोंड उघडलं. त्याच्यातून लाव्हा वाहिला, पण त्याहून कितीतरी जास्त राख आली. ती नुसती आकाशात उडून पावसासारखी पडली असं समजू नका. तापलेली राख आणि वायू यांचा एक जड लोंढा डोंगर उतरून जमिनीला धरून धावत सुटला, मोटारीपेक्षा वेगाने. वाटेत झाड आलं, प्राणी आला, सगळं गिळत तो टायबरच्या खोऱ्यापर्यंत आला आणि तिथे बसला. थंड झाला, पाणी मुरलं, कणाला कण चिकटला, आणि राखेचा दगड झाला. त्याला टफ म्हणतात. हे एकदा घडून थांबलं नाही. मध्ये हजारो वर्षांची शांतता, की पुन्हा लोंढा, त्याच्यावर नवा थर. वायव्येकडून साबातिनी ज्वालामुखींचाही हाच उद्योग चालू होता. दोन्हीकडून राख येऊन टायबरला मध्ये रेटत गेली आणि नदीकाठी राखेच्या दगडाचं एक सपाट पठार तयार झालं.

"मग सात टेकड्या कुठून आल्या?" दादूला शाळेत सात टेकड्यांचं रोम शिकवलं होतं.

टेकड्या कुठून आल्याच नाहीत रे. त्या उरल्या! पावसाचे ओहोळ टायबरकडे धावताना पठाराला चिरत गेले. चिरा रुंदावल्या, त्यांची खोरी झाली, आणि खोऱ्यांच्या मध्ये जे शिल्लक राहिलं त्याला माणसांनी टेकड्या म्हटलं. पॅलाटाइन, कॅपिटोलाइन, अव्हेंटाइन या सुट्या पडल्या. क्विरिनाल, व्हिमिनाल आणि एस्क्विलिन तर अजून मागच्या पठाराला जोडलेल्याच आहेत, नुसते पुढे आलेले फाटे. आपलं दख्खनचं पठारही ज्वालामुखीचंच, आणि आपल्या सह्याद्रीतले कित्येक किल्ले अशाच उरलेल्या माथ्यांवर आहेत. फरक एवढाच, की आपलं पठार साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या वाहत्या लाव्ह्याचं. त्याच्यापुढे रोमचं पठार म्हणजे कालचं पोर.

आता फिरायचं कसं ते सांगतो. बस, ट्रॅम, मेट्रो या सगळ्यांना एकच तिकीट चालतं. एकदा यंत्रात छापून घेतलं की शंभर मिनिटं. मेट्रोत मात्र तेवढ्या वेळात एकदाच शिरता येतं. पण खरं वाहन म्हणजे पाय. जुनं रोम चालण्याजोगं आहे, फक्त बुटाचा तळ जाड हवा. गल्ल्यांत काळ्या दगडाचे मुठीएवढे ठोकळे बसवलेत, त्यांना सांपिएत्रिनी म्हणतात. हा दगडही लाव्ह्याचा. वाळूवर नुसता ठोकून बसवतात, त्यामुळे सांध्यांतून पावसाचं पाणी खाली मुरतं आणि जमीन हलली तर दगडही तिच्याबरोबर हलतात, तडकत नाहीत. चाकांच्या बॅगेचे मात्र हाल होतात. तुमच्या आजीने त्या बॅगेला आणि मला काय काय सुनावलं ते जाऊ दे.

मेट्रोचे मार्ग तीनच. एवढी मोठी राजधानी, तीस लाखांच्या घरात वस्ती, आणि तीन मार्ग. कारण कुठेही कुदळ मारा, खाली कुणाचं तरी घर लागतं. बोगदा त्या सगळ्याच्या खालून, नैसर्गिक थरांतून न्यावा लागतो. अडचण येते ती वर यायला, म्हणजे स्थानकं बांधायला. ज्याला स्थानक बांधायचंय त्याने आधी पुरातत्त्ववाल्यांना हात जोडायचे. सान जोव्हान्नी नावाचं स्थानक बघायला चुकू नका. 2018 साली उघडलं. सरकत्या जिन्याने खाली उतरताना भिंतींवर लिहिलेलं असतं की आता तुम्ही अमुक खोलीवर, अमुक काळात आहात. आजपासून निघायचं, मध्ययुग ओलांडायचं, रोमन साम्राज्य ओलांडायचं आणि माणूस यायच्या आधीच्या मातीपाशी गाडी पकडायची! तिथे खोदताना एक रोमन शेत सापडलं, पाण्याचा मोठा हौद सापडला, आणि पीच फळाच्या बिया. हे फळ मूळचं चीनचं, इराणमार्गे रोमला पोचलेलं. कुणीतरी दोन हजार वर्षांपूर्वी फळ खाल्लं आणि बी टाकून दिली. मला सम्राटाच्या पुतळ्यापेक्षा ती बी जास्त आवडली.

"पण आजोबा, शहर खाली कसं गेलं?" चिऊ म्हणाली. "बुडालं का?"

शहर जागच्या जागी राहिलं, जमीन वर आली. घर पडलं की त्याचा राडारोडा कोण उचलतो? त्याच्यावरच नवं घर. आणि टायबर होतीच गाळ आणून टाकायला. सांता मारिया सोप्रा मिनेर्व्हा नावाचं एक चर्च आहे, पँथिऑनच्या मागच्या बाजूला. त्याच्या दर्शनी भिंतीवर पुराच्या खुणा कोरलेल्या पाट्या आहेत. 1598 च्या पुराची पाटी शोधा. दादूच काय, बाबाचं डोकंही त्याच्या खाली राहील. 1870 च्या डिसेंबरात पुन्हा मोठा पूर आला. त्याच्या पुढच्या वर्षी रोम संयुक्त इटलीची राजधानी झालं. राजधानीत गुडघाभर पाणी बरं दिसत नाही म्हणून नदीच्या दोन्ही काठांना उंच दगडी भिंती बांधायला घेतल्या. पूर थांबले. नदी मात्र खाली एका खड्ड्यात गेल्यासारखी झाली आणि शहराचा तिच्याशी संबंध सुटला. भिंती हव्याच होत्या, हे कळतं. तरी काठावर उभं राहिलं की वाईट वाटतं.

या थरांवर थर बघायचे असतील तर कोलोसियमपासून थोडं चालून सान क्लेमेंते चर्चमध्ये जा. रस्त्यावरून शिराल ते बाराव्या शतकात. जिना उतरलात की चौथ्या शतकातलं चर्च. आणखी उतरलात की पहिल्या शतकातली घरं, अरुंद बोळ, आणि मिथ्र देवाचं ठाणं. अगदी तळाशी भिंतीपलीकडून पाण्याचा खळखळाट ऐकू येतो. कोलोसियमच्या रांगेत तीन तास उभं राहण्यापेक्षा इथे एक तास घालवा, असं माझं मत. तुमची आई ऐकणार नाही, ते वेगळं.

मग एके दिवशी, रविवार असला तर उत्तमच, 118 नंबरची बस धरून व्हिया आप्पियावर जा. आप्पियस क्लॉडियस नावाच्या एका रोमन अधिकाऱ्याने इ.स.पू. 312 मध्ये हा रस्ता काढायला घेतला. रोमचा पहिला पाण्याचा नळही त्याचाच. रस्ता नजर पोचेल तिथवर सरळ, दोन्ही बाजूंना छत्रीसारखे पसरलेले पाइन वृक्ष आणि पडक्या समाध्या. सगळे लोक समाध्यांचे फोटो काढतात. तुम्ही रस्त्याकडे बघा, तो आजूबाजूच्या शेतांपेक्षा किंचित उंचावरून जातो. पावणेतीन लाख वर्षांपूर्वी आल्बानो ज्वालामुखीतून लाव्ह्याची एक जीभ निघाली आणि दहा-बारा किलोमीटर वाहत रोमच्या दिशेने आली. सेसिलिया मेटेला या बाईची गोल बुरुजासारखी समाधी आहे ना, तिच्याजवळ येऊन ती थिजली. टणक, कोरडी, पाण्याने न खचणारी. आप्पियसच्या माणसांना ही तयार वाट मिळाली. तिच्यावरूनच रस्ता नेला, आणि फरसबंदीचे काळे चिरेही तिच्यातूनच काढले. काही चिऱ्यांवर गाड्यांच्या चाकांनी पडलेल्या घळी अजून आहेत.

त्याच रस्त्याकडेला जमिनीखाली कॅटकोंब आहेत, पहिल्या ख्रिस्ती लोकांच्या दफनाच्या बोळांचं जाळं. कित्येक किलोमीटर लांब, चार चार मजले खोल. एवढं खोदलं कशाने? साध्या कुदळीने. तो राखेचा दगड जमिनीत असतो तोवर ओलसर आणि मऊ असतो, उघडा पडून वाळला की कडक होतो. खोदणाऱ्याने खोदत जायचं, भिंत आपोआप पक्की होत जाते. काळा लाव्हा आणि भुरा टफ, एकाच डोंगराने दिलेले. वर रस्ता एकाचा, खाली कबरी दुसऱ्यात.

आता खरी जादू. पँथिऑनमध्ये जा. 2023 पासून तिकीट लावलंय, पण अठरा वर्षांखालच्यांना फुकट, तेव्हा तुम्ही ऐटीत शिरा. आत गेल्यावर सगळे जण वर बघतात, तिथे तुम्हीही बघा. एका जागी मान वर केलेली मला चालेल. घुमटाचा व्यास 43 मीटरच्या वर. मधोमध उघडं भोक, त्यातून ऊन येतं, पाऊसही येतो. फरशी मध्ये किंचित फुगीर आहे आणि तिला बारीक छिद्रं आहेत, पाणी त्यांतून निघून जातं. हेड्रियन बादशहाच्या काळात, इ.स. 126 च्या सुमाराला हे काम पुरं झालं. काँक्रीटमध्ये लोखंडाची एक सळई नाही. असा सळईविना काँक्रीटचा याहून मोठा घुमट जगात आजवर दुसरा झाला नाही.

दादूने विचारलं, "मग पडत कसा नाही?"

साधा चुन्याचा गारा हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून हळूहळू घट्ट होतो. जाड भिंतीत आतपर्यंत हवा पोचत नाही, मग आतला चुना वर्षानुवर्षं कच्चाच राहतो. रोमन लोकांनी त्यात ज्वालामुखीची राख मिसळली. त्या राखेतली सिलिका आणि अॅल्युमिना चुन्याशी आणि पाण्याशी संयोग पावतात आणि एक चिवट, नवा पदार्थ तयार होतो. त्याला हवा लागत नाही, तो पाण्याखालीसुद्धा आवळतो. शिवाय घुमट बांधताना त्यांनी खडीही उंचीप्रमाणे बदलली. खाली जड ट्रॅव्हर्टाइन दगडाचे तुकडे, मध्ये टफ आणि विटा, अगदी वर प्यूमिस. प्यूमिस म्हणजे आजी टाचा घासते तो भोकाभोकांचा दगड. तोही ज्वालामुखीचाच फेस, पाण्यावर तरंगतो. घुमटाची जाडी तळाशी सहा मीटर, भोकापाशी सव्वा मीटरच्या आत.

आणि अजून एक गंमत. रोमन काँक्रीटमध्ये चुन्याचे पांढरे खडे जागोजाग दिसतात. बरीच वर्षं सगळे म्हणत, गवंड्यांनी कालवण्यात आळस केला. 2023 मध्ये एका संशोधनाने वेगळंच दाखवलं. काँक्रीटला तडा गेला आणि पाणी शिरलं की या खड्यांतला चुना विरघळतो, तड्यात जाऊन पुन्हा स्फटिक बनतो आणि तडा बुजवतो. भिंत स्वतःचीच डागडुजी करते! गवंडी बिचारे दोन हजार वर्षं उगाच शिव्या खात होते.

कोलोसियमला जाल तेव्हा तिथला दगड हात लावून बघा. हा राखेचा नाही. हा ट्रॅव्हर्टाइन, तिव्होलीजवळचा. तिथे जमिनीतून कोमट, गंधकाच्या वासाचं पाणी वर येतं. खोल जमिनीत ते चुनखडी विरघळवून घेतं, कारण त्यात कार्बन डायऑक्साइड ठासून भरलेला असतो. वर आल्यावर वायू उडून जातो आणि विरघळलेला चुना पाण्याला झेपेनासा होतो. आपल्या जुन्या बंबाच्या आत पांढरा थर धरायचा ना, तसाच तो थरावर थर बसत जातो, फक्त हजारो वर्षं. वाटेतल्या लव्हाळ्यांवर, शेवाळावर तो चढला, ती कुजून गेली, आणि त्यांच्या जागी भोकं राहिली. कोलोसियमच्या खांबांवरची ती भोकं बऱ्याच अंशी या वनस्पतींची आहेत. मोठे, खोदल्यासारखे खड्डे दिसतील ते मात्र माणसांनी केलेले. मध्ययुगात दगडांमधल्या लोखंडी पकडी उपटून नेल्या, त्यांचे.

कोलोसियमची एक बाजू उंच आणि एक बाजू पडकी का, हे तिथे कुणाला विचाराल तर लोकांनी दगड चोरले असं सांगतील. चोरले हे खरंच. पण आधी 1349 मध्ये भूकंप झाला, आणि पडली ती दक्षिणेची बाजूच. उत्तरेची बाजू घट्ट जमिनीवर आहे. दक्षिणेची बाजू एका जुन्या ओढ्याच्या गाळावर. भूकंपाच्या लाटा मऊ गाळात शिरल्या की मोठ्या होतात आणि रेंगाळतात. नीरो बादशहाने त्या सखल जागेत तळं केलं होतं, त्याच्यावरच पुढच्या बादशहांनी ही इमारत उभी केली. ओढा गेला, तळं गेलं, पण जमिनीने जुनी ओळख सोडली नाही.

चालून तहान लागली तर बाटली विकत घेऊ नका. रस्त्यारस्त्यावर बिडाचे बुटके नळ आहेत, अडीच हजारांच्या आसपास. 1874 पासून बसवत आलेत. त्यांना नासोने म्हणतात, म्हणजे नाकाडा. नाकाचं टोक बोटाने दाबलं की वरच्या छिद्रातून पाण्याची धार उडते आणि तोंड लावून पिता येतं. चिऊ, दादूच्या अंगावर उडवायचं नाही. हे पाणी बहुतेक रिएतीजवळच्या डोंगरातल्या झऱ्यांचं. अपेनाइन पर्वतावरचा पाऊस आणि बर्फ चुनखडीच्या भेगांतून गाळत खाली येतात. त्रेव्हीच्या प्रसिद्ध कारंज्याचा नळ याहून जुना आहे. अग्रिप्पा नावाच्या एका रोमनाने इ.स.पू. 19 मध्ये तो आणला, बहुतेक वाट जमिनीखालून, नुसत्या उतारावर. कारंजं 1762 मध्ये पुरं झालं. तिथे नाणं टाकायला गर्दी असते. सकाळी सहाला जा.

तुम्ही नाताळच्या सुट्टीत जाताय ते एका अर्थी बरं. तेव्हा तिथे पाचच्या आत सूर्य मावळतो. त्या वेळी तेर्मिनीच्या चौकात असा आणि छत्री जवळ ठेवा.

"पाऊस?"

शिट! थंडीत उत्तरेकडून आणि पूर्वेकडून स्टार्लिंग पक्षी येतात. दिवसभर शहराबाहेरच्या शेतांत, ऑलिव्हच्या बागांत चरतात आणि रात्री उबेला शहरात. झाडांवर बसायच्या आधी लाखोंचा थवा आकाशात वळतो, आवळतो, पसरतो. आपली साळुंकी याच कुळातली. आणि हिवाळ्यात सोलापूरकडे ज्वारीवर भोरड्यांचे थवे उतरतात, त्याही या कुळातल्याच. रोममधले भौतिकशास्त्रज्ञ जॉर्जो पारिसी आणि त्यांचे सहकारी तेर्मिनीजवळच्या एका संग्रहालयाच्या छतावर कॅमेरे लावून बसले. निरनिराळ्या कोनांतून एकाच क्षणी फोटो घेतले आणि प्रत्येक पक्ष्याची हवेतली जागा काढली. कळलं असं, की थव्याला पुढारी नाही. प्रत्येक पक्षी जवळच्या सहा-सात शेजाऱ्यांवर लक्ष ठेवतो, मग ते हातभर लांब असोत की चार हात. अंतर मोजत नाही, शेजारी मोजतो. म्हणून ससाण्याने झडप घातली, थवा ताणला, विरळ झाला, तरी फुटत नाही. पारिसींना 2021 चं नोबेल मिळालं ते गुंतागुंतीच्या, अव्यवस्थित दिसणाऱ्या रचनांवरच्या कामासाठी. थव्याचं गणित त्याच वाटेवरचं. एवढं सगळं डोक्यावर चाललेलं असतं आणि खाली रोमकर स्कूटर घसरली म्हणून त्या पक्ष्यांना शिव्या देत असतात. नगरपालिका कर्ण्यांतून त्यांच्याच घाबरलेल्या किंकाळ्या वाजवून त्यांना हुसकते. ते पलीकडच्या झाडांवर जाऊन बसतात.

"आजोबा, आणि तो आल्बानो डोंगर पुन्हा पेटला तर?" दादू मघापासून गप्प होता, त्याच्या डोक्यात हे चाललं होतं.

शेवटचा उद्रेक झाला त्याला छत्तीस हजार वर्षं झाली. आधीचे उद्रेकही हजारो वर्षांच्या अंतराने झालेले आहेत, म्हणून संशोधक त्याला मेलेला म्हणत नाहीत, झोपलेला म्हणतात. जमीन किती उचलली जाते ते उपग्रहांवरून मोजतात, भूकंपमापक लावलेत, वायू तपासतात. तुमच्या सुट्टीत काही व्हायचं नाही. पण त्याला भेटायला जरूर जा. तेर्मिनीहून कास्तेल गांदोल्फोची गाडी मिळते, पाऊण तासाची वाट. पोपांचा उन्हाळी वाडा तिथे आहे, 2016 पासून तो बघताही येतो. वाड्याच्या खाली गोल, गर्द निळं तळं दिसेल, 170 मीटर खोल. तेच त्या ज्वालामुखीचं एक तोंड. तळ्याचं पाणी काठ ओलांडेल या भीतीने रोमन लोकांनी इ.स.पू. चौथ्या शतकात डोंगराच्या पोटातून जवळजवळ दीड किलोमीटरचा बोगदा खणून त्याला वाट करून दिली. आता उलटं झालंय. आजूबाजूच्या गावांच्या विहिरींनी पाणी उपसून पातळी काही मीटर खाली गेलीय, बोगद्याचं तोंड कोरडं पडलंय. पाण्यापर्यंत उतरायला वेळ लागतो आणि चढताना दम लागतो. गाड्या थोड्याच असतात, तेव्हा परतीची वेळ आधी फलकावर बघून ठेवा.